शुगर एकाची, पथ्य कुणाचं?

डायबिटीसच्या कुठल्याही ओपीडीत तासभर बसा, एक गोष्ट हमखास दिसेल. पेशंट पुरुष असला की बरोबर बायको असतेच आणि फाईल, गोळ्यांच्या स्ट्रिप्सची प्लास्टिकची पिशवी, मागचे रिपोर्ट हे सगळं तिच्या पर्समधून निघतं. डॉक्टर विचारतात, "गोळी कुठली चालू आहे, सकाळी किती, रात्री किती?" तर पेशंट मान वळवून बायकोकडे बघतो आणि उत्तर ती देते. पेशंट बाई असली तर ती बऱ्याचदा एकटी आलेली असते, नाहीतर लेक बरोबर असते, आणि नवरा आलाच असेल तर बाहेर गाडीपाशी उभा असतो आणि मधूनच त्याचा फोन येतो, "अगं अजून किती वेळ?"

मला वाटतं आपल्याकडे शुगर आटोक्यात न येण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे आणि त्यावर आपण जवळजवळ बोलतच नाही. गोळ्यांवर बोलतो, डाएटवर तर इतकं बोलतो की लग्नाच्या पंगतीत सुद्धा दीक्षित की दिवेकर हा वाद रंगतो, पण घरात डायबिटीसचं रोजचं काम नक्की कोण करतं आणि ते कुणासाठी केलं जातं, कुणासाठी केलंच जात नाही, हा प्रश्न आपल्याला घरगुती वाटतो. तो घरगुती राहिलेला नाही. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडिॲब या डायबिटीसवरच्या अभ्यासाचे देशभरातले आकडे 2023 मध्ये आले, त्यात भारतात अंदाजे 10 कोटी 10 लाख लोकांना डायबिटीस असल्याचं निघालं आणि गोव्यात तर प्रौढांमधलं प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे दर चार माणसांत एकाहून थोडं जास्तच. एवढ्या माणसांना डॉक्टर भेटणार तीन महिन्यांतून एकदा, तेही पाच-दहा मिनिटं. बाकीचे सगळे दिवस काय खाल्लं, किती चाललो, गोळी वेळेवर घेतली का, तळपायाला फोड आलाय का ते पाहिलं का, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासला का, हे सगळं घरात घडतं, आणि घरात माणूस एकटा नसतो.

आधी नवऱ्यांचं घेऊ. आपल्याकडे नवऱ्याला डायबिटीस निघाला की बायको ते जवळपास स्वतःचंच दुखणं असल्यासारखं अंगावर घेते. सकाळी मेथीचं पाणी, नाश्त्याला गोळी पुढ्यात, डब्यात पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, संध्याकाळी "अहो, चालायला गेलात का?" अपॉइंटमेंट ती घेते, लॅबवाल्याला फास्टिंगसाठी सकाळी सातला ती बोलावते, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, मागच्या वेळी 8.2 होतं हे तिला पाठ असतं आणि ज्याचं रक्त आहे त्याला नसतं. सगळे तिचं कौतुक करतात आणि ती ते प्रेमानेच करते यात शंका नाही. पण परिणाम बघा. वीस वर्षं डायबिटीस असलेला माणूस, पण घरी शुगर मोजायच्या ग्लुकोमीटरमध्ये पट्टी कशी घालायची त्याला माहीत नाही, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते माहीत नाही, इन्सुलिन बायकोच टोचते. मग मुलीच्या बाळंतपणाला ती सहा महिने अमेरिकेला गेली की इकडे शुगर तीनशेच्या घरात. ती आजारी पडली तर? ती आधी गेली तर? ज्या आजारात माणसाने स्वतःच्या शरीराची भाषा शिकायची असते, त्यात आपण त्याला आयुष्यभर पाहुण्यासारखं बसवून वाढत राहतो. त्याला मी साथ म्हणणार नाही, कारण त्यात त्याच्या हातात काहीच राहत नाही.

दुसरा प्रकार पाळत ठेवण्याचा. हा बायकाही करतात, नवरेही करतात. नातेवाइकांसमोर ताटातला गुलाबजाम उचलून घ्यायचा, "यांना नको, यांची शुगर आहे" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, रिपोर्ट आला की घरात सुनावणी बसायची. विल्यम पोलोन्स्की हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, डायबिटीसच्या मानसिक ताणावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय, ते घरातल्या अशा लोकांना डायबिटीस पोलीस म्हणतात. त्यांच्या संस्थेने पेशंटच्या घरच्यांसाठी एक छोटं कार्डच काढलंय, त्यात न मागता खाण्यावर सल्ला देऊ नका हे आहे आणि माझ्याबरोबर तुम्हीही चांगल्या सवयी लावून घ्या हेही आहे. या दोन गोष्टी एकत्र आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या घरांत पहिली सर्रास घडते आणि दुसरी फार क्वचित.

रागावून काम होत नाही हा काही नुसता चांगुलपणाचा उपदेश नाही. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या दोघींचा 2012 चा एक अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की घरचे लोक पथ्याच्या आड येत असतील, टोकत किंवा वाद घालत असतील तर पेशंटचं गोळ्या घेणं ढिलं पडतं आणि गोळ्या ढिल्या पडल्या की शुगर बिघडते. आणि त्यात मला सगळ्यात बोलकी वाटली ती गोष्ट अशी की त्रास देणाऱ्या घरच्यांना डायबिटीसबद्दल माहिती नव्हती असं नाही, चांगली माहिती असलेले लोकही हेच करत होते. म्हणजे आपण जे धरून चालतो, की घरच्यांना शिकवलं की झालं, तेवढ्याने भागत नाही. माहिती असलेला माणूस ती माहिती वापरून आधारही देऊ शकतो आणि छळूही शकतो.

हे का होतं ते घरात नीट पाहिलं तर कळतं. रीडिंग हे प्रगतीपुस्तक झालं की माणूस रीडिंग घेणंच बंद करतो. 240 आलं की बायको आधी रडणार, मग दोन दिवस अबोला, मग मुलाला फोन, मग मुलगा बंगलोरहून बोलणार, त्यापेक्षा पट्ट्या संपल्या म्हणून सांगितलेलं बरं असं त्या माणसाला वाटतं. घरात भाकरी आणि दुधीची भाजी गुपचूप खातो आणि ऑफिसखालच्या टपरीवर वडापाव आणि कटिंग. वडापावने नुकसान होतंच, पण त्याहून मोठं नुकसान हे की आता खरं काय खाल्लं हे कुणालाच माहीत नसतं, बायकोला नाही, डॉक्टरला नाही, आणि डॉक्टर बिचारे कागदावरचं पथ्य बघून गोळी वाढवतात. त्यात जर ती गोळी ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली आणणारी असेल आणि पुढच्या आठवड्यात माणूस खरोखर पथ्यावर आला तर शुगर 70 च्याही खाली जाऊ शकते, घाम, हातपाय थरथरणं, चक्कर, आणि म्हाताऱ्या माणसाला तर पडून खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

याचा अर्थ बायकोने किंवा नवऱ्याने काही बोलूच नये असा अजिबात नाही. "तुझं तू बघ" म्हणून सोडून देणं हाही एक प्रकारचा दुष्टपणाच आहे. फरक कसा बोलता यात आहे. "तुम्ही कधी चालणार नाही, मला माहितीये" आणि "आज उशीर झालाय खरा, पण जेवून खालीच एक चक्कर मारू का दोघं?" या दोन वाक्यांत चालणं तेच आहे, पण दुसऱ्यात कुणीतरी चप्पल घालून बरोबर निघालंय. जेवणानंतर थोडं चाललं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते हे सिद्ध झालेलं आहे, आणि आपल्याकडे शतपावली ही गोष्ट आजीच्या काळापासून आहेच, फक्त ती दोघांनी केली तर टिकते आणि एकट्याला ढकललं तर चार दिवसांत बंद पडते. तळपायाचंही तसंच. स्वतःचा तळवा नीट बघायला पाठ वाकत नाही, नजर अधू झालेली असते, संवेदना गेलेली असली तर जखम कळतच नाही, तिथे दुसऱ्या माणसाची रात्रीची दोन मिनिटं पाय वाचवू शकतात. ही खरी मदत, यात अपमान नाही.

आता बायकांकडे येते, कारण माझा खरा राग इथे आहे.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंची सकाळ सांगते. सकाळी आठला गोळी, कारण डॉक्टरांनी नाश्त्याआधी सांगितलीय आणि विसरायला नको म्हणून त्या देवपूजेबरोबर घेऊन टाकतात. मग काकांचा चहा, मुलाचा डबा, सुनेचा डबा, नातवाचा टिफिन, काकांना गरम पोळी लागते म्हणून ते बसले की एकेक पोळी तव्यावरून ताटात. दहा वाजता त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरायला लागतात, त्या ओट्याला धरून उभ्या राहतात आणि डब्यातली साखर चमच्याने तोंडात टाकतात. काका बाहेर पेपर वाचतायत. हे आठवड्यातून एकदा तरी होतं आणि काकूंना वाटतं की हा बीपीचा त्रास आहे. डॉक्टरांना त्यांनी हे कधी सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं "जेवण वेळेवर ना?" तर त्या "हो" म्हणाल्या, कारण घरातल्या सगळ्यांचं वेळेवर होतं.

या बाईला अजून एक डाएट चार्ट देऊन काय होणार आहे? तिला कळत नाही असं नाहीये, तिला सगळं कळतं. तिला हवंय की आठला गोळी घेतली की सव्वाआठला तिने ताट घेऊन बसावं आणि उरलेल्या पोळ्या कुणीतरी दुसऱ्याने कराव्यात, किंवा बाकीच्यांनी गार पोळी खावी. एवढंच. आणि घरात एवढं घडवून आणू शकणारा माणूस म्हणजे काका, कारण काका गार पोळी चालेल म्हणाले की घरात सगळ्यांना चालते.

केंद्र सरकारच्या 2024 च्या टाइम यूज सर्व्हेत घरकामाला बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात असं आलंय, आणि पुरुष, तेही जे घरकाम करतात ते पुरुष, 88 मिनिटं. आता याच बाईला आपण सांगतो की रोज अर्धा तास वेगाने चाला, स्ट्रेस घेऊ नका, सात तास झोपा. ती अर्धा तास कुठून काढणार? स्वयंपाक तीच करते तर मग तिला पथ्य सोपंच की, असं म्हणणारे खूप भेटतात, पण स्वयंपाक करणं आणि काय शिजवायचं ते ठरवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. घरात भात सासऱ्यांना लागतो, बटाटा मुलांना, नवऱ्याला भाकरी आवडत नाही, तर फक्त स्वतःसाठी दोन भाकऱ्या थापायचा कंटाळा तिला येणारच, आणि शेवटी उरलेला भात टाकून कसा द्यायचा म्हणून तोही तिच्याच पोटात जातो. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग म्हणून नवऱ्यासाठी आणलेल्या पट्ट्या ती स्वतःसाठी वापरत नाही. गरोदरपणात शुगर वाढली होती त्या बायकांना पुढे टाइप टू, म्हणजे बहुतेकांना होतो तो नेहमीचा डायबिटीस, होण्याचा धोका कितीतरी पट जास्त असतो आणि बाळंतपणानंतर परत तपासणी करायची असते, पण बाळाच्या लसींच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ आणि ही एक टेस्ट कुणाच्याच लक्षात नाही, बाळाच्या बापाच्या तर नाहीच नाही.

आणि उपवास. यावर लिहिलं की लोक चिडतात, तरी लिहिते. इन्सुलिनवर किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्यांवर असलेली बाई वटपौर्णिमेला दिवसभर काही न खाता राहते, हरतालिकेला तर पाणीसुद्धा नाही, गोळी मात्र सवयीने घेते, नाहीतर गोळीही बुडवते आणि मग संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस, म्हणजे आधी खोल खड्डा आणि मग चढ. ज्याच्या आयुष्यासाठी हा उपवास आहे तो माणूस समोर बसलेला असतो. मला कुणाच्या श्रद्धेवर बोलायचं नाही, बाईला पूजा करायचीय तर करू दे, वडाला फेऱ्या घालू दे. पण डॉक्टरने नको सांगितलेलं असताना, सासूबाईंनी कुरकुर केलेली असताना, शेजारणी काय म्हणतील ही धास्ती असताना, नवऱ्याने एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणावं की "तू जेवून घे, मला हा उपवास नको" तर घरातली निम्मी लढाई तिथेच संपते. हे वाक्य दुसरं कुणीच बोलू शकत नाही. ना मी, ना डॉक्टर, ना मुलगी.

एक विषय सगळे टाळतात तोही घेते. डायबिटीसमुळे पुरुषांमध्ये लैंगिक अडचणी बऱ्याच जास्त प्रमाणात येतात, नसा आणि रक्तवाहिन्या दोन्हीवर परिणाम होतो म्हणून. जोडपी यावर बोलत नाहीत, माणूस मनात धरून बसतो की गोळ्यांमुळेच हे झालं आणि गुपचूप गोळ्या बंद करतो, बायकोला वाटतं की आता आपण नको झालोय, आणि डॉक्टरसमोर बायको बसलेली असते म्हणून तोही सांगत नाही. म्हणून दोघांना एकत्र बोलवा म्हणताना मी हेही म्हणते की पाच मिनिटं पेशंटला एकट्याला भेटा. बाईला तर नक्कीच. काही घरांत नवरा हाच तिच्या तब्येतीला धोका असतो, तिथे त्याला आत बोलावून तिचे रिपोर्ट त्याच्या हातात देणं हे तिच्यावरच उलटेल, त्यामुळे आधी तिला विचारायचं.

घरातल्या जेवणाबद्दल एक मुद्दा राहिला. "पेशंटचं जेवण" म्हणून वेगळी वाटी काढायची पद्धत बंद करायला हवी असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला कारण आहे. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर नवरा-बायकोपैकी एकाला टाइप टू असेल तर दुसऱ्याला होण्याचा धोका 26 टक्क्यांनी जास्त निघाला. नवरा-बायकोत रक्ताचं नातं नसतं, मग हे येतं कुठून? एकच कढई, एकच चहाचं पातेलं, एकच सोफा आणि रात्री साडेदहाचं एकच जेवण. म्हणजे चहातली साखर पेशंटसाठी कमी करायची असेल तर ती पातेल्यातच कमी करा, पोळीच्या जोडीला ज्वारी घरात यायची असेल तर सगळ्यांच्या ताटात येऊ दे. नवऱ्याने बायकोच्या पथ्यात सामील होणं हे त्याने तिच्यावर केलेले उपकार नाहीत, त्याची स्वतःचीही तपासणीची वेळ आलेली असते.

आता सरकारी यंत्रणेचं. 30 वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासायची मोहीम आहे, आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात, आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी फुकट मिळते, हे चांगलंच आहे आणि कमी पैशात त्या जेवढं करतात तेवढ्याला दाद द्यायला हवी. पण आशाताई दुपारी घरी जातात तेव्हा घरात बाई असते, नवरा कामावर. त्यामुळे नवऱ्याला डायबिटीस असो की बायकोला, पथ्य सांगितलं जातं बाईलाच. पुरुषाला त्याच्या स्वतःच्या आजाराचंही आणि बायकोच्या आजाराचंही कुणी काही सांगतच नाही. रविवारी, नाहीतर संध्याकाळी सातनंतर, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात सोसायटीच्या हॉलमध्ये, जोडप्यांना एकत्र बसवून तासभर बोललं तर याला फार खर्च येणार नाही. त्यात पुरुषांच्या हातात ग्लुकोमीटर द्या, स्वतःची शुगर स्वतः बघायला लावा, कमी शुगरची लक्षणं सांगा, आणि शुगर पडली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना, हे त्यांच्याकडून पाठ करून घ्या. वरच्या गोष्टीतल्या काकांना एवढं माहीत असतं तर पेपर बाजूला ठेवून ते उठले असते, ते काही वाईट माणूस नाहीत.

जोडप्यांना एकत्र शिकवलं की जादू होते असा दावा मी करणार नाही. अमेरिकेत पॉला ट्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवरून जोडप्यांना एकत्र मार्गदर्शन करून पाहिलं, त्याचे निकाल 2016 मध्ये आले, तर एचबीएवनसी सगळ्याच गटांत उतरलं, ज्यांना एकट्याला मार्गदर्शन मिळालं त्यांचंही, आणि जोडप्यांचा जास्तीचा फायदा काही पेशंटमध्येच ठळक होता. मग मी एवढा आग्रह का धरते? कारण तिकडचा पेशंट बहुधा स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतो. आपल्याकडे एकाचं ताट दुसरा वाढतो, आणि वाढणारी बहुतेक वेळा सगळ्यांच्या शेवटी जेवते. एकट्याला शिकवायचं म्हटलं तर ज्याला शिकवलं त्याच्या हातात काही नाही आणि जिच्या हातात आहे तिच्याकडे वेळ नाही, ही आपली अडचण आहे.

ज्यांना जोडीदार नाही, विधवा आहेत, एकटे राहतात, त्यांच्यासाठी हाच प्रश्न बहीण, शेजारीण, मुलगा यांना घेऊन सोडवावा लागेल, आणि तिथेही तेच लागू आहे, काय मदत हवी हे पेशंटने ठरवायचं. म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत फाईलवर तीन ओळी लिहून घ्याव्यात असं मला वाटतं. घरी स्वयंपाक कोण करतं आणि तुम्ही कितव्या पंगतीला जेवता, घरच्यांची मदत कशात हवी, आणि घरच्यांनी काय करणं बंद करावं. शेवटचा प्रश्न पेशंटला एकट्याला विचारायचा आणि उत्तर आलं की बाहेर गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवायचं.